विजयालक्ष्मी आपली कोण लागते?

‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा परीक्षेतल्या टिपेत भेटतं. ताराबाई शिंदे, बुलढाणा, १८८२, स्त्रीवादी विचारांची पहाट वगैरे. त्याच टिपेत एक ओळ असते : सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून हे पुस्तक लिहिलं गेलं. ही ओळ आपण पाठ करतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला मात्र त्या ओळीवरून पुढे जाता येत नाही. आमचं घर मूळ वसईचं असलं तरी मी वाढले सुरतेत. सुरत म्हटलं की मराठी माणसाला महाराजांची स्वारी आठवते, खाणाऱ्याला लोचो आणि घारी आठवते, लग्नघरातल्या बायकांना साड्या आठवतात. मराठी साहित्याच्या इतिहासात सुरतेची एक बाई बसलेली आहे हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि ती आहे एक कैदी, खुनाची शिक्षा झालेली.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की विजयालक्ष्मी ही आपली, म्हणजे मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची पूर्वज आहे, आणि पूर्वज म्हणून तिचा शोध घेणं हे आपलं काम आहे.

आधी गोष्ट नीट सांगते. १८८१ सालची. विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने ते मारलं असा तिच्यावर आरोप होता. सुरतच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती, त्यामुळे अपील मुंबईच्या हायकोर्टात गेलं. तिथे फाशी रद्द होऊन जन्मभराचं काळं पाणी झालं. आज हे वाचताना वाटतं, फाशीवरून एकदम काळं पाणी? मधलं काहीच नाही? नव्हतंच. १८६० च्या पीनल कोडात खुनाला दोनच शिक्षा होत्या : मृत्यू किंवा जन्मभर समुद्रापार रवानगी. न्यायाधीशाला कितीही कणव आली तरी त्याच्या हातात तिसरी शिक्षा नव्हती. त्याहून कमी करायची तर ती सरकारने करायची. आपण आज ‘जन्मठेप’ म्हणतो ती तुरुंगातली. समुद्रापारची शिक्षा आपल्या कायद्यातून गेली ती १९५५ च्या दुरुस्तीने, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तो शब्द पुस्तकात होता.

आता कुणी म्हणेल, विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ लाच झाला होता, मग लग्न का नाही केलं? कायदा होता, पण कायदा वापरणाऱ्या घराला जातीबाहेर टाकायला जात मोकळी होती. आमच्या सुरतेतच बघा. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या मित्रांनी तिथे मानवधर्म सभा काढली. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आज शहरात आहे त्या कवी नर्मदांनी विधवेशी लग्न केलं आणि त्याबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली. म्हणजे सुधारणेचं वारं सुरतेत नव्हतं असं नाही. ते वारं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या पुरुषांच्या अंगणात वाहत होतं, आतल्या खोलीतल्या बाईपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला.

खटल्याची बातमी पसरली आणि वर्तमानपत्रांत लिहून आलं. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ने तर या निमित्ताने एकूणच स्त्रियांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं. एक बाई चुकली की सगळ्या बायका बिघडल्या, हा हिशोब तेव्हाही असाच होता. हे वाचून बुलढाण्यात बसलेल्या ताराबाई पेटल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. घरात वाचन होतं, वादाची सवय होती. त्यांनी जे लिहिलं ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ मध्ये छापलं गेलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : जे दुर्गुण तुम्ही बाईच्या नावावर टाकता ते तुमच्यातच जास्त आहेत, आणि बाईला फसवणारा पुरुष उजळ माथ्याने फिरतो तेव्हा तुमचा धर्म कुठे जातो? पुस्तकाला शिव्या पडल्या. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे पुस्तकही विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे आपल्याला ते मिळालं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि जगाला मिळालं.

म्हणजे ताराबाईसुद्धा हरवल्या होत्या. त्यांना कुणीतरी शोधलं. ज्या बाईमुळे ताराबाईंनी लेखणी उचलली ती मात्र अजून त्या एका ओळीतच आहे.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? सेल्युलर जेल, कोलू, दंडाबेडी. मराठी घरांत हे चित्र मुख्यतः सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे आलं. पण सावरकर तिथे पोचले १९११ मध्ये, आणि सेल्युलर जेलचं बांधकाम सुरूच झालं १८९६ मध्ये. अंदमानची वसाहत त्याच्या कितीतरी आधीची. मार्च १८५८ मध्ये, बंड शमतंय न शमतंय तोच, पहिले कैदी तिथे उतरवले गेले. पुढच्या काळात तिथे बायकाही पाठवल्या गेल्या. पुरुषांच्या मानाने त्यांची संख्या अगदी थोडी. पण त्या तिथे होत्या, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी खुनाच्या शिक्षेवर आलेल्या : कुणाच्या हातून नवरा गेलेला, कुणाच्या हातून मूल. राजकीय कैद्यांची नावं आपण भिंतीवर कोरली. यांची कुठे कोरणार? यांनी देशासाठी काही केलेलं नव्हतं.

या बायकांचं तिथे काय होत असे हे अभ्यासकांनी सरकारी कागदांतून बऱ्यापैकी उलगडलंय. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, साउथ पॉइंट नावाच्या जागी बायकांचा वेगळा तुरुंग होता. तिथे त्यांना विणकाम-शिवणकामासारख्या कामाला जुंपत. काही वर्षं नीट वागून काढली की लग्नाची परवानगी मिळू शके. लग्न कुणाशी? तर चांगल्या वर्तणुकीमुळे तुरुंगाबाहेर राहून स्वतःचं पोट भरायची मुभा मिळालेल्या पुरुष कैद्याशी, आणि तेही साहेबाच्या मंजुरीने. सरकारला शेती करणारी, संसार मांडणारी, पळून न जाणारी वस्ती हवी होती, त्यासाठी बायका हव्या होत्या. जरा विचार करा. जिला इथे दुसरं लग्न करता येत नाही म्हणून चोरून जगावं लागलं, अशा बाईला समुद्र ओलांडल्यावर तेच सरकार म्हणतं, कर लग्न. ती सुटका होती असं मी म्हणणार नाही. निवड करायला तिच्याकडे होतं काय? तुरुंग किंवा नवरा. पण त्या लग्नांतून जी मुलं झाली त्यांना आजही अंदमानात ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. ही माणसं वेगवेगळ्या प्रांतांची, जातींची, धर्मांची, आणि बोलतात हिंदुस्तानी. शादीपूर नावाची एक वस्तीही तिथे आहे, आणि त्या नावाचा संबंध लोक या लग्नांशीच जोडतात.

म्हणजे अंदमानात कुणाची तरी पणजी अशी बाई आहेच. प्रश्न असा, की आपल्या इकडे कुणाला आपली अशी पणजी हवी आहे का?

ऑस्ट्रेलियात हे उलटं झालंय. १७८८ ते १८६८ या काळात इंग्लंड-आयर्लंडमधून तिथे सुमारे १,६२,००० कैदी पाठवले गेले, त्यात सुमारे २५,००० बायका. कपडा चोरला, चमचे चोरले, असल्या गुन्ह्यांसाठी. पुढे कितीतरी पिढ्या तिथली कुटुंबं हे लपवत होती. ‘कैद्याचा डाग’ म्हणत त्याला. आज तिथे लोक अभिमानाने शोध घेतात : आमची खापरपणजी कुठल्या जहाजातून आली, तिची उंची किती, डोळे कुठल्या रंगाचे, तिला कुठल्या मालकाकडे कामाला लावलं. हे सगळं नोंदलेलं आहे. त्या नोंदी २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात घेतल्या. होबार्टचा बायकांचा जुना तुरुंग जागतिक वारसा आहे. आणि घोडा चोरल्याबद्दल लहान वयात शिक्षा झालेली मेरी रीबी तर त्यांच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. चोर म्हणून आली, व्यापारी म्हणून गेली, नोटेवर बसली. आपल्या नोटेवर सोडा, आपल्या वंशावळीत तरी अशी कुणी बसेल का?

मराठी घरांतले कुलवृत्तांत कधी चाळलेत? जाडजूड ग्रंथ असतात. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे तीन मुलगे, हे नदीसारखं वाहत असतं. बायका काठावर उभ्या. सुना येतात त्या नवीन नावाने, मुली जातात त्या नावासकट. आणि जी ‘तशी’ असेल ती तर छापखान्यात पोचायच्या आधीच गळलेली. आमच्या कॅथलिक घरांत लोक अभिमानाने सांगतात की आमच्याकडे चर्चची नोंदवही आहे, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावं, धर्ममाता-धर्मपिता सगळं. खरंय, आणि कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला त्या वह्या म्हणजे सोनं. पण त्या वह्यांतही ‘वडील अज्ञात’ असा शेरा असे. वडील अज्ञात, आई मात्र ज्ञात. अज्ञात राहायची सोय कायम एकालाच. तेव्हा डाग लपवण्यात कुणी कमी नाही, जात कुठलीही असो, धर्म कुठलाही असो.

इथे मला योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय आठवतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूपुढे आणतात तो प्रसंग. दगड कुणी मारावा यावर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. पण मोशेच्या नियमशास्त्रात ही शिक्षा दोघांना सांगितली आहे, स्त्रीला आणि पुरुषाला. मग त्या चौकात तो कुठे होता? त्याला कुणी का नाही आणलं? दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चौकातला हा प्रश्न बुलढाण्याच्या एका तरुण बाईने आपल्या भाषेत मोठ्याने विचारला. आजही हा खटला सांगताना आपण विजयालक्ष्मीचं नाव घेतो. पुरुषाचं नाव कुणीच घेत नाही, कारण तो या गोष्टीत कधी उभाच राहत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. मला स्वतःलाही ते पडतात म्हणून लिहिते.

पहिला आक्षेप : पूर्वज म्हणजे रक्ताचा. विजयालक्ष्मी आपली कोण? मान्य, रक्ताने कुणी नाही. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला पूर्वज रक्तानेच मिळतात का? आपण ज्ञानदेवांना माउली म्हणतो, ते काय आडनाव जुळतं म्हणून? ज्या पुस्तकापासून मराठीत बाई थेट पुरुषांच्या समाजाला जाब विचारायला लागली, ते पुस्तक तिच्या शिक्षेतून आलं. आपल्या वर्गात आज मुली उठून वाद घालतात, त्या रांगेच्या टोकाला मागे ताराबाई आहेत. आणि ताराबाईंच्या मागे, आरोपीच्या पिंजऱ्यात, ती आहे. हे नातं मानायचं नसेल तर मग ताराबाईंवर टीप तरी कशाला लिहायची?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे : तिने मूल मारलं. याला मी बगल देणार नाही. गर्भातलं असो की जन्मलेलं, बाळाचा जीव हा जीव आहे असं मानणाऱ्या घरात मी वाढले, आणि मी ते मानते. त्या बाळाला तर नावसुद्धा नव्हतं. ताराबाईंच्या आवेशाला टाळ्या वाजवताना ते बाळ आपल्या नजरेतून निसटतं, हे मला खुपतं. म्हणून विजयालक्ष्मीची मूर्ती करून तिला हार घालणं मला नको आहे. पण बाळाचं दुःख खरं मानलं तर मग शोध आणखीच गरजेचा होतो. कारण ते बाळ एका आईच्या हातांनी मेलं असं म्हणून थांबलं की घर, शेजार, जात, धर्म, वर्तमानपत्र आणि तो पुरुष, सगळे निर्दोष सुटतात. त्या मृत्यूला कोण कोण जबाबदार होतं हे शोधायचं तर आईच्या आयुष्यापाशी जावंच लागेल. तिला माफ करायला नाही, समजून घ्यायला. इंग्लंडने १९२२ मध्ये वेगळा कायदा करून अशा आईचा गुन्हा खुनापेक्षा निराळा मानला. आपल्याकडे तसं वेगळं कलम आजही नाही.

तिसरा आक्षेप : ज्या बदनामीला घाबरून हे सगळं झालं, तीच तुम्ही पुन्हा करताय. झाकलेलं झाकलेलं राहू द्या. हा आक्षेप मला सर्वांत माणुसकीचा वाटतो. पण तिचं झाकलेलं आहे कुठे? १८८१ मध्येच ते छापून झालंय. उरलंय ते तिचा गुन्हा आणि तिची शिक्षा, फक्त दोन शब्द. बदनामी त्या दोन शब्दांत आहे. बाकीचं आयुष्य परत मिळवलं तर ती कमीच होईल.

बाकीचं आयुष्य म्हणजे काय, तर निकालानंतरचं. निकाल हे आयुष्य नसतं. कोर्टाने काळं पाणी लिहिलं म्हणजे माणूस जहाजात बसला असं होत नाही. त्यात सरकारची माफी असते, शिक्षेतली सूट असते, आजारपण असतं, मधला तुरुंग असतो. टिपेतली ओळ निकालापाशी थांबते. आपण थांबायचं कारण नाही. आणि हे काम लंडनला जाऊनच होईल असं नाही. मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याचे कागद मुंबईतच आहेत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात. काळा घोड्याला चहा प्यायला आपण जातो, त्याच रस्त्यावर. अंदमानचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि त्यांतले पुष्कळसे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. सुरतची गुजराती वर्तमानपत्रं आहेत, मुंबई-पुण्याची मराठी आहेत. इथे आपल्यासारख्यांचा उपयोग होऊ शकतो. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही वाचणारी मुलं आपल्या मंडळात आहेत. सुरतेत उधना-लिंबायतकडे खानदेशातून आलेल्या मराठी घरांची गर्दी आहे, तिथली मुलं दोन्ही भाषा सहज बोलतात. इतिहासाला अशीच माणसं लागतात.

पण हे सगळं कशासाठी? जुनं नाव सापडल्याचा आनंद, एवढ्यासाठीच? नाही. अशा बाईकडे नीट पाहिलं की पुढे काहीतरी घडतं, हे आपल्याच इतिहासात लिहिलेलं आहे. पुण्यात काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाक करायची. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, तो हात वर करून मोकळा झाला, तिने मूल मारलं, आणि तिलाही जन्मभराचं काळं पाणी झालं. जोतीराव आणि सावित्रीबाई हळहळून गप्प बसले नाहीत. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याची पत्रकं लावली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. हे त्यांनी लिहिलं कुठे? बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरच्या बेहरामजी मलबारींच्या टिपणांना दिलेल्या उत्तरात. आणि हे मलबारी कोण? सुरतेत वाढलेला, तिथल्या मिशनरी शाळेत शिकलेला पारशी मुलगा. पंढरपूरला १८७५ मध्ये असंच बालकाश्रम निघालं, ते काढलं लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने. गुजरात-महाराष्ट्र हे भांडण आपण नंतर शिकलो. या बायकांच्या बाबतीत दोन्हीकडची चांगली माणसं एकाच कामाला लागली होती.

काशीबाई अंदमानला जाते, आणि तिच्यामागून पस्तीस जणी वाचतात. पूर्वजाचं ऋण फेडणं याला म्हणतात असं मला वाटतं.

आणि ते ऋण अजून संपलेलं नाही. आजही पेपर उघडा : कचराकुंडीत अर्भक, रेल्वेच्या डब्यात अर्भक. मथळा ठरलेला, ‘निर्दयी माता’. बाप निर्दयी असल्याचा मथळा मी अजून वाचला नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सरळ सोय आहे. मूल सांभाळणं शक्य नसेल तर आईवडिलांना बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं, त्यांना समजावलं जातं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. फुल्यांच्या पत्रकात जे होतं तेच आज कायद्यात आहे. फक्त ते भिंतीवर कुणी चिकटवत नाही. आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसचा मेनू असतो, फेस्टची तारीख असते. हे असतं का? ज्या मुलीला याची गरज पडेल ती विचारायला येणार नाही. विजयालक्ष्मीही कुणाला विचारायला गेली नव्हती. तिच्या अवतीभवती विचारण्यासारखं कुणी असतं तर हे पुस्तकच लिहिलं गेलं नसतं, आणि माझी त्याला हरकत नव्हती.

म्हणून मंडळापुढे माझे दोन साधे प्रस्ताव आहेत. एक, या वर्षी ‘स्त्रीपुरुष तुलना’ टिपेतून बाहेर काढून सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचू, आणि पुराभिलेखागारात जाऊन विजयालक्ष्मीच्या खटल्याचे कागद मागू. जे सापडेल ते याच ई-मासिकात छापू, मग ते चार ओळींचं का असेना. दोन, बालकल्याण समितीची ती माहिती मराठी, गुजराती आणि इंग्रजीत एका पानावर लिहून बोर्डावर लावू. परवानगी मागायला मी जाते.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो. शेवटी एक प्रार्थना असते ती अशांसाठी, ज्यांची आठवण काढायला मागे कुणी नाही. यंदा त्या प्रार्थनेच्या वेळी माझ्या मनात दोन जण असतील : एक बाई, जिचं नाव मला ठाऊक आहे, आणि एक बाळ, ज्याला नाव ठेवायला कुणी थांबलंच नाही.